इंडोनेशियातला प्रेक्षक तुमच्या ढोलकीवर का थांबतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चॅनलवर लावणी, ढोलकी-हलगीची जुगलबंदी, जत्रेतले कार्यक्रम असे व्हिडिओ आहेत. काही महिन्यांपासून ॲनॅलिटिक्समध्ये भारताखालोखाल इंडोनेशिया दिसायला लागलाय. कमेंटमध्ये 'हादिर', 'मांताप', 'सालाम दारी बान्युवांगी' असलं काहीतरी येतं. हे लोक कोण, बघतात काय आणि त्यांच्यासाठी वेगळं काही करावं का, हे तुम्हाला हवंय. मी जकार्तात याच धंद्यात आहे, आधी एडिटिंग टेबलवर आणि आता चॅनल सांभाळायच्या कामात. जरा ऐसपैस उत्तर देतो.

कमेंटचं आधी उरकतो. 'हादिर' म्हणजे हजर, 'मांताप' म्हणजे झकास, आणि तिसऱ्यात बान्युवांगीहून नमस्कार आहे. बान्युवांगी हे जावा बेटाचं पार पूर्वेचं टोक, तिथून फेरी बोटीत बसलं की बाली. बॉट वगैरे नाहीत ही मंडळी. आपण कुठून बघतोय ते सांगून हजेरी लावायची ही इथली रीतच आहे.

आता मुद्द्याचं. इथली व्हिडिओची दुनिया समजायची असेल तर मोबाईल बाजूला ठेवून लग्नाच्या मांडवात जावं लागतं. लग्न असो की मुलाची सुंता, घरच्या कार्याला 'हाजातान' म्हणतात. ऐपत असेल तर यजमान त्यासाठी वाद्यवृंद ठरवतो. गल्ली बंद होते, रस्त्यातच स्टेज उभं राहतं, आमंत्रण असो-नसो आख्खं गाव लोटतं. गायिका, ढोलवाला, निवेदक, कॅमेरा, उधळलेले पैसे, यजमानाच्या नावाचा पुकारा, हे सगळं त्या स्टेजवर यूट्यूबच्या आधीपासून होतं. पुढे फक्त पडदे बदलत गेले.

स्टेजवर वाजतं ते डांगडुट. या संगीताची एक मुळी थेट मुंबईच्या स्टुडिओंपर्यंत जाते. १९५०-६० च्या दशकांत इथल्या मलय वाद्यवृंदांनी हिंदी सिनेमांच्या गाण्यांच्या चाली, बासरी आणि तबल्याचा ठेका सर्रास उचलला. एल्या खादाम या गायिकेचं 'बोनेका दारी इंडिया', म्हणजे भारतातली बाहुली, हे गाणं त्या काळातलं. मग १९७० च्या दशकात पश्चिम जावातल्या तासिकमलायाचा रोमा इरामा आला. त्याने 'सोनेता' हा आपला ताफा घेऊन त्यात इलेक्ट्रिक गिटार आणि रॉक घुसवलं, वर इस्लामी उपदेशही घातला आणि 'डांगडुटचा राजा' झाला. नावातला 'डांग' आणि 'डुट' हे कंडांगचे बोल. कंडांग म्हणजे तबल्याच्या जोडीवर बेतलेलं चामड्याचं वाद्य. डग्ग्यावर तळवा दाबून सरकवला की जो घुमारा निघतो, तोच त्यांचा 'डुट'. तुमच्या ढोलकीवाल्याचा डावा हात दिसला की त्यांचे कान का टवकारतात, ते कळलं असेल.

तुमच्या आकड्यांचं सरळ कारण माझ्या मते हेच आहे. इथे 'कंडांग कॅम' नावाचा व्हिडिओचा वेगळा प्रकारच आहे. गाणं पूर्ण वाजतं, पण कॅमेरा गायिकेवर नसतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत तो फक्त ढोलवाल्याच्या हातांवर खिळलेला. पूर्व जावात कोप्लो नावाची डांगडुटची जी चपळ, दणकेबाज शाखा १९९० च्या दशकात वाढली, तिच्यात कंडांगवाला हा गायिकेच्या बरोबरीचा नट असतो. 'पालापा' या प्रसिद्ध ताफ्याचा ढोलवादक चाक मेत याचं नाव गायिका भर गाण्यात पुकारायच्या, 'चाक मेत!', आणि तो एक तुकडा टाकून उत्तर द्यायचा. असे व्हिडिओ बघून हात बसवणारी पोरं गावोगाव आहेत. तुमचा ढोलकीचा क्लोजअप त्यांच्यापुढे अल्गोरिदमने नेऊन ठेवला, एवढंच.

हे रेकॉर्डिंग होतं कसं, तेही सांगतो, कारण तुमच्या कामाचं आहे. ताफ्याबरोबर शूटिंगवाला ठरलेला असतो. बहुतेकदा तीन कॅमेरे: एक समोर तिवईवर, एक खांद्यावर घेऊन स्टेजच्या कडेने फिरणारा, एक ढोलवाल्याच्या गुडघ्याशी. आवाज थेट मिक्सरवरून घेतात, म्हणून उघड्या रस्त्यावरचा कार्यक्रम असूनही ऐकायला स्टुडिओसारखा लागतो. पण गर्दीचा एक माइक वेगळा ठेवतातच. कडव्यांच्या फटीत वादक जे ओरडतात ('हाके हाके', 'होक्या होक्या', याला सेंगाकान म्हणतात) ते आणि गर्दीची साद एडिटमध्ये कापायची नाही हा अलिखित नियम. सुरुवातीला हे फुटेज हातात आलं की नवशिका एडिटर हमखास 'नॉइज' म्हणून ते खाली घेतो, आणि मग ताफ्याच्या मालकाचा फोन येतो. गायिका गाता गाता यजमानाचं नाव घेते, ताफ्याचं घेते, साउंडवाल्याचं घेते, शूटिंगवाल्याचंही घेते. ही सगळी जाहिरात गाण्याच्या आतच, त्यामुळे कुणी व्हिडिओ चोरला तरी नावं चोरीला जात नाहीत.

चोरीचं महत्त्व इथे फार जुनं आहे. यूट्यूबच्या आधी व्हीसीडी होत्या. मांडवातल्या कार्यक्रमांच्या चकत्या रस्त्याकडेला, बाजारात, बसस्टँडवर विकल्या जायच्या, त्यातल्या बहुतेक पायरेटेड. पूर्व जावातल्या पासुरुआन भागातली गायिका इनुल दारातिस्ता अशीच वर आली. रेकॉर्ड कंपनी नाही, टीव्ही नाही. गावच्या स्टेजवर ती कंबर फिरवायची, त्याला लोक 'ड्रिल' म्हणायचे, आणि त्याच्या नकली चकत्या देशभर पोचल्या. २००३ मध्ये ती टीव्हीवर आली तेव्हा सगळा देश तिला आधीच ओळखत होता. रोमा इरामाने जाहीर विरोध केला, उलेमांची संघटना विरोधात गेली, दुसऱ्या बाजूने लेखक-कलावंत तिच्या पाठीशी उभे राहिले. कलेतलं शरीर किती दिसावं यावरचा तो वाद शमला नाही. २००८ च्या अश्लीलताविरोधी कायद्याच्या चर्चेत तो मुरलेला होता. लावणीचे व्हिडिओ टाकणाऱ्याला मी हे मुद्दाम सांगतोय. नऊवारीतल्या लावणीला इथे कुणी नाक मुरडणार नाही, पण थंबनेलवर कमरेचा क्लोजअप आणि भडक मथळा लावलात तर वेगळीच गर्दी गोळा होईल आणि तुमचे ढोलकीचे रसिक निघून जातील.

व्हीसीडी गेल्या आणि तेच शूटिंगवाले यूट्यूबवर आले. माणसं तीच, कॅमेरे तेच. विया व्हालेन, नेला खारिस्मा या पूर्व जावाच्या गायिका त्या लाटेवरच्या. २०१८ च्या आशियाई खेळांच्या उद्घाटनाला जकार्ताच्या स्टेडियममध्ये विया व्हालेन गायली, तेव्हा मांडवातलं संगीत थेट सरकारी पाहुण्यांपुढे पोचलं. आणि २०२२ च्या १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यात १२ वर्षांचा फारेल प्रायोगा जावानीज प्रेमभंगाचं गाणं गायला. वर म्हटलेल्या त्या बान्युवांगीचाच हा पोरगा, रस्त्यावर गाणी म्हणता म्हणता सोशल मीडियावर गाजलेला. मंत्री उभे राहून नाचले. बारा वर्षांच्या मुलाने प्रेमभंगाचं गाणं म्हणावं का, यावरही नंतर काहींनी तोंड वाकडं केलं, पण ते राहू द्या.

आता पैसा. कार्यक्रमात प्रेक्षक स्टेजवर चढून गायिकेला नोटा देतात, याला 'सावेर' म्हणतात. तमाशातली दौलतजादा तुम्ही पाहिलीय, त्यामुळे मला फार समजवावं लागणार नाही: नोट देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, त्याच्याकडे बघून एक ओळ गायली जाते, शेजारच्याची ईर्ष्या जागी होते आणि खिशात हात जातो. आज इथे ऑनलाइन टिप घेण्याची जी सोय सर्वांत जास्त वापरली जाते तिचं नावच 'सावेरिया' आहे. गेम खेळणारे, पॉडकास्टवाले, सगळे ती वापरतात. पैसे टाकले की पडद्यावर तुमचं नाव झळकतं, निवेदक ते वाचतो, आभार मानतो. टिकटॉक लाइव्हमधल्या 'गिफ्ट'चंही तेच. तंत्र नवं असेल, पण नाव पुकारून घेण्याची हौस तीच.

याची दुसरी बाजूही आहे. २०२३ च्या जानेवारीत लोंबोक बेटावरच्या वयस्कर बायका तळ्यात बसून तासन्‌तास अंगावर गढूळ पाणी ओतून घेतानाचे टिकटॉक लाइव्ह गाजले. गिफ्ट आलं की आणखी एक तांब्या. लोक खवळले, आणि ऑनलाइन भीक मागण्याविरुद्ध समाजकल्याण मंत्र्यांना परिपत्रक काढावं लागलं. त्या बायकांना हिणवणाऱ्यांचा मला राग येतो. थंडीने कुडकुडायचं त्यांनी, पैशात वाटा मात्र प्लॅटफॉर्मचा. स्टेजवरच्या सावेरमध्ये निदान बदल्यात गाणं तरी मिळतं.

सगळं काही कंबर आणि कल्लोळ नाही. दिदी केंपोटची गोष्ट तुम्हाला आवडेल. सोलो शहरातला हा माणूस, ऐन उमेदीत फुटपाथवर गाणारा. बाप लोकनाट्यातला नट, भाऊ 'स्रीमुलात' या जुन्या विनोदी नाटकमंडळीत. गाणी जावानीज भाषेत, सगळी ताटातुटीची: स्टेशनवर सोडून गेलेली, बसस्टँडवर वाट बघायला लावणारी. १९९० च्या दशकात तो लोकप्रिय होता. दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये डच काळात नेलेले जावानीज लोक आहेत, तिथेही त्याचे चाहते होते. पण शहरी पोरांच्या लेखी ते म्हातारबुवांचं संगीत. मग २०१९ मध्ये त्याच्या कार्यक्रमात ओक्साबोक्शी रडणाऱ्या तरुण मुलांचे व्हिडिओ फिरले. पोरांनी स्वतःला 'सोबात आंब्यार' म्हणवून घेतलं, म्हणजे चक्काचूर झालेल्यांची टोळी, आणि पन्नाशी गाठलेल्या या गृहस्थाला 'गॉडफादर ऑफ ब्रोकन हार्ट' अशी पदवी बहाल केली. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याने घरातून केलेल्या एका मदत-मैफिलीत कोविडग्रस्तांसाठी ७ अब्ज इंडोनेशियन रुपियांहून (हे इथलं चलन) जास्त रक्कम जमली. पुढच्याच महिन्यात, ५ मे रोजी, तो गेला. गाणी त्याने बदलली नव्हती, पोशाखही नाही. पारंपरिक जावानीज वेष आणि डोक्याला ब्लांगकोन, म्हणजे जावानीज पगडी. तुम्ही 'वेगळं काही करू का' विचारताय म्हणून हे सांगितलं.

तसाच योग्याकर्ताचा दालांग, म्हणजे छायाबाहुल्यांचा सूत्रधार, 'की' सेनो नुग्रोहो ('की' हे आदराचं संबोधन). या बाहुल्यांचा, म्हणजे वायांगचा खेळ रात्री सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. गोष्ट महाभारताची, पण त्यात बागोंग नावाचं एक खास जावाचं विदूषकी पात्र आहे, ढेरपोट्या आणि तोंडाळ. की सेनोचा बागोंग देवांनाही सोडायचा नाही. कोविडात खेळ बंद पडले तेव्हा त्याने घरच्या घरी, मोजक्या वादकांनिशी छोटे खेळ मांडून थेट प्रक्षेपण केलं. हाँगकाँग-तैवानात घरकाम करणाऱ्या जावाच्या बायका, कारखान्यातले मजूर, सगळे रात्र रात्र बघत बसायचे. २०२० च्या नोव्हेंबरात तोही गेला. आठ तासांचा व्हिडिओ कोण बघतो असं म्हणणाऱ्यांना मी ते जुने लाइव्ह उघडून कमेंट वाचायला लावतो. 'हादिर', 'हादिर', 'हादिर', पहाटे तीनपर्यंत.

टीव्ही आणि सिनेमाचं झटपट सांगतो. खासगी वाहिन्या १९८९ पासून आल्या आणि 'सिनेट्रॉन' म्हणजे दैनंदिन मालिकांचा सुकाळ झाला. त्या बनवणाऱ्यांत सुराबायात जन्मलेले राम पंजाबी आणि त्यांच्या सिंधी घराण्यातली मंडळी आघाडीवर. सासू-सुना, कट-कारस्थानं, डोळे वटारण्यावर तीनदा झूम, हे साम्य उगाच नाही. टीव्हीवर नियामक मंडळाची कात्री कडक, इंटरनेटवर सैल, म्हणून विनोदी कलाकार आणि मुलाखतकार तिकडे सरकले. सिनेमाही आता तिथूनच कच्चा माल घेतो. २०२२ चा भयपट 'केकेएन दि देसा पेनारी' हा २०१९ मध्ये ट्विटरवर गाजलेल्या एका भुताच्या कथेवरून निघाला आणि ९० लाखांहून जास्त तिकिटं विकून गेला. २०२४ चा 'आगाक लाएन' चार विनोदवीरांच्या पॉडकास्टमधून आला आणि त्यानेही ९० लाखांचा टप्पा ओलांडला.

आणि मांडव? तो तर थेट सत्तेपर्यंत गेला. टीव्ही कलाकार राफी अहमदचं लग्न २०१४ मध्ये वाहिनीवर तासन्‌तास थेट दाखवलं, नियामकांनी वाहिनीला समज दिली. २०२१ मध्ये यूट्यूबर आत्ता हालिलिंतारच्या लग्नाला राष्ट्राध्यक्ष जोकोवी आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री प्राबोवो हजर होते. २०२४ मध्ये प्राबोवो राष्ट्राध्यक्ष झाले आणि राफी अहमद त्यांचा विशेष दूत. व्ह्यूज देणाऱ्याला खुर्ची मिळते, यावर इथे बरेच जण चिडतात, आणि मला ते बरोबर वाटतं.

भारताबद्दलची ओढ खरी आहे, पण ती 'बॉलिवूड'पुरती. २०११ मध्ये सुलावेसीतल्या गोरोंतालोच्या नॉर्मन कामारू या पोलिसाचा गणवेशात 'छैया छैया'वर ओठ हलवतानाचा व्हिडिओ देशभर गाजला. खात्याने आधी शिस्तीचा बडगा दाखवला, मग लोकप्रियता बघून त्यालाच मिरवलं, आणि टीव्हीच्या मागे लागून तो ड्यूटीवर येईना तेव्हा वर्षअखेर बडतर्फ केलं. २०१४ मध्ये स्टार प्लसचं 'महाभारत' इथल्या एएनटीव्ही वाहिनीवर डब होऊन आलं आणि त्यातला अर्जुन, शाहीर शेख, इथे घरोघरी पोचला. हिंदी गाण्यांचं चित्रीकरण साडी, डोंगर आणि वाऱ्यासकट हुबेहूब उभं करणारे हौशी गटही आहेत. महाराष्ट्र मात्र यांच्या नकाशावर नाही. लावणीलाही ते 'लागू इंडिया', भारतीय गाणं, असंच म्हणतील. त्यावर वाद घालत बसू नका, वर्णनात एक ओळ लिहा.

मग करायचं काय? वेगळा कंटेंट अजिबात करू नका. कोप्लोच्या चालीवर लावणी बसवायचा मोह होईल. ते काम इथली पोरं तुमच्याहून चांगलं करतील. तुम्ही ढोलकी-हलगीचे आख्खे कार्यक्रम न कापता टाका आणि त्यातूनच हातांचा एक अखंड कॅमेरा वेगळा व्हिडिओ म्हणून द्या. पुढच्या शूटला गर्दीच्या शिट्ट्यांसाठी एक माइक ठेवा. मथळ्यात मराठीनंतर दोन शब्द इंडोनेशियन पुरे: 'कंडांग इंडिया' (Kendang India). ते मात्र रोमन लिपीतच लिहा, देवनागरीत कुणी शोधणार नाही. कमेंटला उत्तर देताना यांत्रिक भाषांतरातलं औपचारिक 'आंदा' (म्हणजे 'आपण') टाळा, ते सरकारी पत्रासारखं वाटतं. 'कक' म्हणा, ताई-दादा दोन्हींना चालतं. 'तेरिमा कासिह, कक' (धन्यवाद, ताई/दादा) एवढ्यावर माणसं खूश होतात.

वेळ पाळा. जकार्ता भारताच्या दीड तास पुढे आहे, आणि विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच मावळतो. मगरिबची नमाज आटोपून लोक फोन हातात घेतात, म्हणजे तुमचे संध्याकाळचे पाच-साडेपाच. रमजानात याच्या जोडीला सेहरीची वेळही जागती असते, म्हणजे भारतात रात्रीचे दीड-दोन. एक अडचण आहे: इथला हा प्रेक्षक मोठ्या प्रमाणात टिकटॉकवर आहे आणि भारतात ते जून २०२० पासून बंद. तेव्हा शॉर्ट्स आणि फेसबुक एवढ्यावरच भागवावं लागेल. जाहिरातीचा दरही पाश्चात्त्य प्रेक्षकाच्या मानाने बराच कमी, व्ह्यूज बघून नोकरी सोडू नका.

शेवटचं, हक्कांचं. तुमचा ठेका चालला तर तो उचलला जाणार, हे धरून चाला. परवानगी न घेता गाणी वाजवणं ही कोप्लोची जुनी सवय. २०१८ मध्ये बालीच्या एका पंक बँडचं गाणं विया व्हालेनने कोप्लोत गायलं, तेव्हा त्या बँडचा ड्रमवादक जेरिन्क्स याने जाहीर तक्रार केली आणि तिला माफी मागावी लागली. पण तो नामवंत होता. तुमच्यासारख्याने संगीत वितरकामार्फत मूळ रेकॉर्डिंग कंटेंट आयडीत, म्हणजे उचललेला आवाज ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, नोंदवून ठेवावं, पारंपरिक लावणी असेल तर फक्त आपल्या वादनावरच हक्क सांगावा, आणि कुणी रिमिक्स केलं तर ते उतरवण्याऐवजी उत्पन्नात वाटा घ्यायचा पर्याय निवडावा. ढोलकीवाल्याचं नाव व्हिडिओच्या आत, आवाजात घ्या. वर्णनातलं नाव कॉपी करताना गळतं, पण गाण्यात पुकारलेलं रिमिक्समध्येही बऱ्याचदा टिकतं.